शिंगं नसलेल्यांचं मत

सांगा पाहू मुलांनो, डोक्यावर शिंगं असली की डोक्यात अक्कल असतेच का? घाईने 'हो' म्हणू नका. आधी गोष्ट ऐका.

एका जंगलात चितळांचा मोठा कळप राहत होता. कळपाची सभा बेहड्याच्या झाडाखाली भरे. मत द्यायचं असेल त्याने खोडावर शिंगं आपटायची, अशी रीत होती. माद्यांना शिंगं नसतात. म्हणून त्यांना मतही नव्हतं.

उन्हाळ्यात पाणी कुठे प्यायचं, हे सभाच ठरवी. ती दरवर्षी मोठा डोह निवडी. त्या डोहात शिंगांचं प्रतिबिंब फार सुरेख दिसे. डोहात मगरही होती. ती पाडसं ओढून नेई. मग सभा दुखवट्याचा ठराव करी आणि पुन्हा डोहच निवडी.

"उथळ ओढ्यावर जाऊ या ना," माद्या म्हणत.

"तुम्हाला मत कुठे आहे?" नर म्हणत.

सोज्वळकाकू नावाची एक वयस्क मादी दर सभेला कोवळा पाला घेऊन जाई आणि मताची विनंती करी. कळपाचे पुढारी शिंगाडेराव तो पाला खात.

"काकू, किती शालीन बोलता हो तुम्ही! विचार करू."

पाला संपला की सभाही संपे.

ठिणगी नावाच्या मादीचं एक पाडस मगरीने नेलं होतं. आता दुसरं पाण्यावर जायच्या वयाचं झालं. ती भर सभेत उभी राहिली.

"शिंगाडेराव, दरवर्षी तुमची शिंगं गळतात. तेव्हा तुमचं मत जातं का?"

"छे! ती पुन्हा उगवणार असतात!"

"आणि माझं पाडस?"

शिंगाडेरावांनी डोहाचा ठराव मांडायला घसा खाकरला. तेवढ्यात ठिणगी ओरडली, "बिबट्या!"

सगळे पळाले. ही हाक खरी की खोटी, हे पाहायला चितळं थांबत नाहीत. थांबणारी केव्हाच संपलीत.

सभा पुन्हा भरली. पुन्हा बिबट्या.

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ठिणगे, असा आरडाओरडा केल्यावर कुणी आपल्याला मताचा हक्क देतं का गं? माझी इतक्या वर्षांची मेहनत घालवलीस!"

"काकू, तुमचा पाला त्यांना आवडतो. म्हणून तर ते आपल्याला मताचा हक्क देत नाहीत."

नरांनी ठिणगीला बोरीच्या काट्यांत कोंडलं. तिने चारा सोडला. त्यांनी तिच्या तोंडात बळेच गवत कोंबलं. पण तोवर इतर माद्याही ओरडायला शिकल्या होत्या. सभा काही भरेना. पळून पळून शिंगाडेरावांना धाप लागली. शेवटी त्यांनी धावता धावताच जाहीर केलं, "माद्यांनी खूर आपटून मत द्यावं! हा काकूंच्या विनयाचा विजय आहे. त्या ठिणगीमुळे उलट उशीरच झाला!"

काकूंच्या गळ्यात रानफुलांची माळ पडली. काकूंना ते सगळं खरंच वाटलं. माद्यांनी खूर आपटले आणि ओढा निवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळप ओढ्यावर पाणी पिऊन आला. ठिणगीच्या पाडसासकट सगळी पाडसं परत आली. ठिणगी अजून काट्यांतच होती. तिला सोडायचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलला होता.

तात्पर्य: हक्क नेहमी गोड बोलूनच मिळतात. आपण गोड बोलत असताना मागे कुणीतरी ओरडत राहील, एवढं मात्र पाहावं. आणि हक्क मिळाला की त्या ओरडणारीला ओळख दाखवू नये.