शिवलकरमामांचा पिवळा दिवा

लाल दिवा लागला की आमचं अख्खं टेलिफोन एक्स्चेंज धावायचं आणि शिवलकरमामा निवांत चहा संपवायचे. पिवळा लागला की बाकीचे चहा घ्यायला जायचे आणि मामा उठायचे.

रत्नागिरीत ब्रॉडबँड नवं नवं आलं, तेव्हा मी कोल्हापूरहून बदली होऊन इथे इंजिनीअर म्हणून रुजू झालो. मामा टेक्निशियन, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. हुद्द्याने मी वरचा होतो, पण हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. "लाल्याकडे सगळा गाव बघतो," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "पिवळ्याला आपल्याशिवाय कोण हाय? तू घाटावरचा, तुला नाय कळायचा."

पिवळा म्हणजे किरकोळ अलार्म. कुठे पंखा मंदावला, कुठे गिऱ्हाइकाने घरचा मोडेम बंद केला, की कॉम्प्युटरवर एक पिवळी ओळ उमटते. बाकी सगळं चालूच असतं, म्हणून कुणी ढुंकून बघत नाही. मामा मात्र यंत्राच्या कपाटाला पालथा हात लावायचे, पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि निदान सांगायचे, "कणकण हाय." मग खिशातून दात घासायचा जुना ब्रश काढून पंख्याची जाळी साफ करत बसायचे.

एकदा मिरकरवाड्याच्या रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीचं दार रोज सकाळी पडद्यावर उघडं दिसू लागलं. मामा जाऊन बघतात तर एक मासेवाली दाराच्या कडीला तागडी अडकवत होती. मामांनी तिला भिंतीत खिळा ठोकून दिला आणि चार बांगडे घेऊन परतले. "केस मिटली," म्हणाले.

पुढे वरच्या कार्यालयातून तपासणीला साहेब येणार असं ठरलं. पडद्यावर एकही अलार्म नको, अशी ताकीद होती. जुनी यादी चाळताना दिसलं, की मांडवीचा एक नंबर रोज दुपारी एकच्या सुमारास बंद पडतो. तपासणीच्या दिवशी सकाळी मी शहाणपणा केला. त्या नंबराचा अलार्मच दाबून टाकला, म्हणजे काही झालं तरी ओळ उमटायला नको. मामांना सांगितलं नाही.

एक वाजता आम्ही डबे घेऊन बसलो. मामांनी डबा उघडला नाही. नजर पडद्यावर. सव्वा झाला.

"मामा, जेवा की."

"थांब जरा."

दीड वाजता ते उठले. चेहरा उतरलेला. स्कूटरची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मी स्कूटर घेतली, ते मागे बसले. "मांडवीला, घरी," एवढंच बोलले.

मामी खुर्चीत बसल्या होत्या. समोर रिकामं ताट. आम्हाला अवेळी बघून त्याच घाबरल्या. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात आणि वाचा दोन्ही नेली होती, हे मला तेव्हा कळलं. घरात तिसरं कुणी नव्हतं.

"जेवलीस?" मामांनी विचारलं. मामींनी होकारार्थी मान हलवली आणि डाव्या हाताने शेजारचा मोडेम दाखवला. तो बंद होता.

"मामा, या नंबराचा अलार्म मी दाबून टाकला होता."

मामा उंबऱ्यावर टेकले.

"सकाळी निघताना मी चालू करतो. दुपारी तिनं बंद केलान की समजायचा, जेवली. मग माझा घास उतरतो. फोन केला तर उचलते रे. पण नुसता श्वास ऐकू येतो. तो मला ऐकवत नाय."

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या नंबराचा अलार्म पुन्हा चालू करण्याचं. तीन वाजता साहेब आले. स्वच्छ पडद्यावर एकच पिवळी ओळ होती.

"हा एवढा एक बिघाड का राहिला?"

"बिघाड नाही, साहेब," मी म्हणालो. "मामी जेवल्या."