सोंडेस डोके टेकविल्याची हकीकत

श्रीशांतादुर्गा प्रसन्न. पुढील पोराबाळांस खरे काय घडले ते कळावे, आणि घरातील वडील मंडळींनी मागाहून आपापल्या सोयीचे काही सांगू नये, म्हणोन ही हकीकत लिहून ठेविली असे. लिहिणार कृष्णनाथ, मुलांचे सख्खे मामा, हुद्दा चपला व पिशव्या यांचे कारखानीस. आम्हांस साध्या झोपाळ्यावरही भोवळ येते, सबब आम्ही कोणत्याही चक्रावर चढलो नाही, आणि जो चढत नाही त्यासच सर्व दिसते, येविषयी वाचणाराने शंका घेऊ नये.

पूर्वपीठिका ऐसी जे, डिचोली महाली पाळी गावी जयवंतराव नामे गृहस्थ नांदत होते. खाणीवरील दहाचाकी टिपर हाकणे हा त्यांचा पेशा, आणि लाल मातीच्या ज्या उतारावर भलेभले ड्रायव्हर देवाचे नाव घेत, तेथे हे एका हाताने शेंगदाणे खात, ऐसी ख्याती. भार्या शुभांगीबाई, आमची धाकटी बहीण. मातोश्री सुलोचनाबाई, ज्यांनी उभा जन्म शिवणयंत्रावर गावातील पोरींचे परकर बेतले. चिरंजीव अमोलराव, वय वर्षे नऊ. आणि कन्या साक्षीबाई, वय वर्षे सहा, हट्ट वय वर्षे साठ.

तो पेडणे महाली धारगळ मुक्कामी हमरस्त्यालगत एक खेळनगरी वसली होती. तीत पाण्याच्या घसरगुंड्या, फिरत्या कपबश्या, आरशांचा महाल आणि या सर्वांवर सार्वभौम ऐसी एक नागमोडी गाडी, जी आकाशात चढे आणि माणसांच्या किंकाळ्यांसह खाली येई. गाडीच्या दरवाजावर लाकडी हत्ती उभा केला होता, त्याची सोंड आडवी. ज्या मुलाचे डोके सोंडेस लागेल त्याने आत जावे, जे सोंडेखालून सुटेल त्याने माघारी फिरावे, हा तेथील कायदा. गतवर्षी वैशाखात ही घरची फौज तेथे गेली असता अमोलराव सोंडेस कपाळ ठोकून आत गेले आणि साक्षीबाई चार बोटे जागा सोडून खालून निघाल्या. मग अमोलराव वरून हात हलवीत राहिले आणि साक्षीबाई खाली आजीचे बोट धरून उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर आइस्क्रीमवर भागले असते. न रडल्या, ही गोष्ट बापाच्या काळजास लागली.

तेसमयी जयवंतरावांनी शुभांगीबाईंच्या अबोलीच्या वेणीचा दोरा सोडवून घेतला, जमिनीपासून सोंडेपावेतो माप घेऊन गाठ मारली, आणि पाळीस परतताच माजघराच्या चौकटीवर त्या गाठीपाशी खिळ्याने रेघ ओढिली. मग कन्येस वचन दिले जे, तुझे डोके या रेघेस लागेल त्या सुट्टीत तुला त्या गाडीत बसवीन, हा बापाचा शब्द. त्या दिवसापासून साक्षीबाई दर रविवारी चौकटीस पाठ लावून उभ्या राहत, एरवी जिच्याकडे पाहून तोंड फिरवीत ती नाचण्याची तिजाण, म्हणजे पेज, वाटीभर पीत, आणि दारावर लोंबकळले असता माणूस लांबते ऐसे अमोलरावांनी सांगितल्यावरून आठ दिवस लोंबकळल्या, तो कडीच निखळली.

शके १९४५, शोभन नाम संवत्सर, गोवे घटकराज्य होऊन छत्तिसावे वर्ष सरत आले होते. चैत्रात साक्षीबाईंचे डोके रेघेच्या वर दोन बोटे गेले. घरात आनंदीआनंद जाहला, शेजारी साखर वाटली, आणि वैशाख वद्य द्वितीया, रविवार, हा कूच करण्याचा दिवस मुक्रर जाहला. साक्षीबाई पहाटे चार वाजताच नवी चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या आणि कोणी बैस म्हटले तरी बसेनात. ग्रामदेवतेस नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले. मग पांढऱ्या ओम्नीत उंडे म्हणजे पाव, चण्याचे तोणाक म्हणजे रस्सा उसळ, सोलकढीची बाटली, चटई आणि टॉवेल ऐसा सरंजाम भरून फौज निघाली. साखळी, डिचोली, अस्नोडा ही ठाणी मागे टाकून कोलवाळचा पूल ओलांडिला आणि पेडणे महालात पाऊल घातले. साक्षीबाई वाटेत सीटवर बसल्या नाहीत. दोन सीटांमध्ये उभ्या राहून प्रत्येक खड्ड्यास उसळत होत्या. पुढे या गोष्टीने घात केला, पण तेव्हा कोणास ठाऊक होते?

दरवाजावर पहिलीच कटकट उभी राहिली जे, बाहेरील अन्न आत नेण्यास मनाई. ती रसद ओम्नीतच ठेवून, हातावर शिक्के उमटवून फौज आत शिरली, आणि कपबश्यांकडे ढुंकूनही न पाहता थेट हत्तीवर चालून गेली. हत्तीच्या ठाण्यावर महादेव नामे अंमलदार होता, बांद्याकडील माणूस, निळा सदरा, गळ्यात शिटी, स्वभावाने गरीब पण कायद्यास पक्का. शुभांगीबाईंनी खबरदारी म्हणोन कन्येच्या डोक्यावर उंच अंबाडा बांधून त्यावर अबोलीचा गजरा चढविला होता. महादेवाने हात जोडून तो उतरविण्यास सांगितले. उतरविला. साक्षीबाई श्वास रोखून सोंडेखाली उभ्या राहिल्या. महादेवाने वाकून पाहिले, पुन्हा पाहिले, आणि अपराध आपलाच असल्यासारखा म्हणाला,

"एका शिताएवढा कमी पडता गो बाय. माझ्या हातात काय नाय."

शितावरून भाताची परीक्षा करणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले, शितावरून पोरीची परीक्षा होताना प्रथमच पाहिली. साक्षीबाई बापाकडे वळून म्हणाल्या, "बाबा, आमच्या दारार हांव रेघेच्या वयर आशिल्लें!" घरच्या चौकटीवर तर डोके रेघेच्या वर होते, हे जयवंतरावांसही ठाऊक होते. मग त्यांनी महादेवाशी बोलाचाली केली, आर्जव केले, थोडा आवाज चढविला, पुन्हा उतरविला. परंतु सोंड ती सोंड. मागील रांग खोळंबली आणि फौजेस बाजूस व्हावे लागले.

मग आइस्क्रीमच्या गाड्यामागे मसलत बसली. दोरा खोटा बोलत नाही, हत्ती तोच, मुलगी वाढली, तर घोटाळा कोठे? शुभांगीबाईंनी कपाळास हात लाविला आणि हळूच म्हणाल्या, "गेल्या चवथीक आमी लाद्यो घाल्यो न्हय?" खरेच, गेल्या चतुर्थीपूर्वी गणपतीस शोभा यावी म्हणोन माजघराच्या जुन्या जमिनीवर नव्या लाद्या बसविल्या होत्या, आणि त्या बसविण्याचे काम पैसे वाचावे म्हणोन खुद्द जयवंतरावांनीच केले होते. जमीन दोन बोटे वर आली, रेघ होती तेथेच राहिली. ज्या हातांनी वचनाची रेघ ओढिली त्याच हातांनी ती खोटी केली, हे जयवंतरावांस कळले तेव्हा ते गवतावर मटकन बसले. गतवर्षीप्रमाणेच साक्षीबाईंनी आजीचे बोट धरिले. ते आमच्याने पाहवेना, म्हणोन आम्ही चपला मोजू लागलो.

तेसमयी सुलोचनाबाईंनी घड्याळात पाहिले आणि फर्मान काढिले,

"चार वरांसावन उबें आसा तें चेडूं. उबें रावल्यार मनीस दबता. पयली जेवया, मागीर आड पडया."

याचा मतलब ऐसा जे, पोर पहाटे चारपासून उभी आहे, उभ्याने माणूस खचते. आधी पोटोबा, मग दोन घटका अंग टाकावे. जयवंतराव म्हणाले, तिकिटे काढून झोपणे हा काय शहाणपणा? त्यावर मातोश्रींनी दरडावून सांगितले जे, चाळीस वर्षे परकर बेतले आहेत. सकाळी घेतलेल्या मापाचा परकर संध्याकाळी त्याच पोरीस लांब होतो, तो काय परकर वाढतो म्हणोन?

फौज बाहेर पडली. वाहनतळाच्या कडेस एक आंबा होता, त्याखाली चटई अंथरली, उंडे आणि तोणाक संपविले आणि सर्व आडवे जाहले. आमचा मुलूखच ऐसा जे, दुपारी दुकानदार गिऱ्हाइकाच्या तोंडावर दार लावून घोरतो आणि गिऱ्हाईकही त्यास नावे न ठेवता घरी जाऊन घोरते. परंतु युद्ध जिंकण्यासाठी झोपणे हे आम्ही प्रथमच केले. साक्षीबाईंची तक्रार होती जे, झोप येत नाही. आजीचा हुकूम, "न्हीद येवंक नाका, फकत आड पड." पडल्या आणि निमिषात घोरू लागल्या. अमोलरावही झोपले, तेही बहिणीकडे पाठ करून, कारण वरून हात हलविल्याची आज त्यांस लाज वाटत होती. एकटे जयवंतराव जागे होते. ते कन्येच्या तळव्यांकडे पाहत होते, आणि वर्षभर तिजाण प्यालेली ती पावले आज पुन्हा खालीच उभी राहिली तर आपण घरी कोणत्या तोंडाने जावे, हा एकच विचार त्यांच्या मनात होता.

साडेतीन वाजता मातोश्रींनी हलकेच सर्वांस उठविले, आणि साक्षीबाईंस उठू दिले नाही. ताकीद ऐसी जे, पोरीचे पाय हत्तीपावेतो जमिनीस लागू नयेत, आणि तिला उभीही धरू नये. मग जयवंतरावांनी कन्येस दोन्ही हातांवर आडवी उचलिली, शुभांगीबाईंनी डोके धरिले, अमोलरावांनी पाय धरिले, पुढे मातोश्री, पाठीमागे आम्ही पाच जोडी चपलांसह, ऐसी ती पालखी नगरीत शिरली. पोरीस काही जाहले ऐसे समजून लोक वाट देऊ लागले, एक बाई हळहळल्या, आणि औषधोपचाराच्या खोलीतील परिचारिका साखरमिठाच्या पाण्याचा पेला घेऊन मागे धावत आली. तो आम्ही प्यालो.

महादेव स्टुलावर पेंगत होता, तो पालखी पाहून दचकून उभा राहिला. कारण कळताच त्याने शिटी खिशात घातली, दोन्ही हात पुसले आणि म्हणाला, "ठेवा बघू सावकास." साक्षीबाईंस हत्तीखाली उभे केले. महादेवाने खिशातील एक तिकीट काढिले आणि सोंड व डोके यांमधून सरकवू लागला. डावीकडून सरकेना. उजवीकडून सरकेना. मग त्याने मागे होऊन आरोळी दिली,

"टेकला गो बाय, टेकला!"

रांगेने टाळ्या वाजविल्या. कायद्याचे आणखी एक कलम होते जे, पहिल्या खेपेस मुलासोबत वडीलधारे माणूस हवे, म्हणोन जयवंतराव शेजारी बसले. गाडी वर चढताना साक्षीबाईंनी बापाचे बोट धरिले होते. खाली येताना बापाने त्यांचे धरिले. टिपरवाले जयवंतराव डोळे मिटून आईला हाका मारीत होते, आणि मातोश्री खालून "आसां रे, आसां" म्हणोन ओ देत होत्या. साक्षीबाईंनी दोन्ही हात वर केले आणि खाली उभ्या अमोलरावांस हलवून दाखविले. एकवार वाटले, अमोलराव वरमतील. परंतु त्यांनीही दोन्ही हातांनी उत्तर दिले, तेणेकरून घरातील जुने वैर मिटले.

परतीच्या वाटेवर कुंपणास मोठा फलक दिसला: लवकरच येत आहे, गगनघोडा. शेजारी रंगविलेला जिराफ, त्याची मान आडवी, हत्तीच्या सोंडेहून पुष्कळ उंच. सर्वांनी तेथे उभे राहून पुढील वर्षाविषयी आशा बोलून दाखविल्या. अमोलराव म्हणाले, उलटे फिरणारे काही हवे. शुभांगीबाई म्हणाल्या, आयांनी सावलीत बसावे ऐसे काही हवे. मातोश्री म्हणाल्या, चार खाटा टाकाव्यात. साक्षीबाई जिराफाखाली जाऊन उभ्या राहिल्या. वीतभर आणि वर बोटभर कमी होत्या. जयवंतरावांनी खिशातून दोरा काढिला आणि जिराफाच्या मानेपाशी नवी गाठ मारली.

त्याच संध्याकाळी पाळीस दिवेलागणीच्या वेळी जुनी रेघ खरवडून टाकिली आणि जयवंतरावांनी या खेपेस नव्या लादीपासून माप घेऊन चौकटीवर जिराफाची रेघ ओढिली. परंतु ओढताना त्यांनी गाठीच्या वर एक बोट ठेविले आणि रेघ त्या बोटावर ओढिली. मातोश्रींची परकर बेतणारी नजर, त्यांनी विचारिले, "एक बोट चड कित्याक रे?"

"आसूं दी आये," जयवंतराव म्हणाले, "फुडल्या खेपेक दारार रडपाची पाळी नाका."

येणेप्रमाणे वैशाख वद्य द्वितीयेस धारगळची मोहीम फत्ते जाहली, सोंडेस डोके टेकले, वचन पुरे जाहले, चपला सर्व जोड्यांनिशी परत आल्या. जयवंतरावांनी मातोश्रींस सांगितले ते कारण खरे आहे. परंतु रेघ ओढून जाहल्यावर, साक्षीबाई चटईवर निजल्या असता, ते त्या जास्तीच्या एका बोटावरून किती वेळ हात फिरवीत बसले होते, ते आम्ही पाहिले. पोर एक बोट उशिरा मोठी जाहली, तर कोणाचे काय बिघडते?