डुगडुगत्या डब्यांचं वाण

"अगं, माझे डबे कुठायत?"

"कुठले डबे?" अरुणाने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"पत्र्याचे. पाच. कपाटावर पिशवीत ठेवले होते."

"ते होय? ते काल वाणात दिले."

नंदकिशोर दळवी कपाटापुढच्या स्टुलावर उभा होता, तो तसाच मटकन खाली बसला. आदल्या संध्याकाळी अरुणाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायकांच्या गर्दीत आपलं काय काम, म्हणून तो गाडी घेऊन बेलापूरला हवा भरायला गेला आणि सगळं आटोपल्याची खात्री झाल्यावरच परतला. वाणासाठी ऑनलाइन मागवलेल्या गाळण्या पाच कमी आल्या होत्या. जुईनगरच्या त्यांच्या सोसायटीतल्या बायका मात्र झाडून सगळ्या आल्या होत्या.

"मग काय करणार? दारातल्या बाईला नुसत्या तिळगुळावर पाठवू? डबे नवे होते, चकचकीत होते. सगळ्यांना आवडले की."

"अगं, ते विकत आणलेले डबे नव्हते! मी केलेले होते!"

"मग तर छानच. घरचं वाण."

नंदकिशोर तुर्भ्याच्या एका कारखान्यात खाऊच्या पदार्थांसाठी पत्र्याचे डबे डिझाइन करायचा. त्याचा मागचा डबा दुकानाच्या फळीवरून घरंगळून कुणा गिऱ्हाइकाच्या पायावर पडला होता. तेव्हा मालकांच्या मुलाने, निशांतने, स्पष्टच सांगितलं होतं, "दळवी, अजून एक चान्स. नाही जमलं तर खरेदी खात्यात जाऊन बसा." नंदकिशोरला खरेदी खात्याची धास्ती होती. तिथली माणसं दिवसभर फोनवर पत्र्याच्या भावासाठी भांडत आणि दुपारी सोडा पीत.

म्हणून या वेळी त्याने जीव ओतला होता. डब्याचं झाकण किंचित खोलगट आणि बूड तितकंच फुगीर, त्यामुळे एका डब्यावर दुसरा ठेवला की तो चपखल बसे. पाच डब्यांची चळत हलवली तरी ढळत नसे. नमुन्याचे पाच डबे कारखान्याच्या टूलरूममधल्या कारागिरांनी हातांनी ठोकून घडवले होते, सहावा अस्तित्वात नव्हता. सोमवारी भाजणीचा मोठा व्यवसाय असलेल्या उज्ज्वला मॅडम डबे बघायला येणार होत्या. आरशासमोर भाषणाचा सराव करता यावा, म्हणून त्याने डबे घरी आणले होते.

"जा, मागून आण," तो म्हणाला.

"वाण परत मागायचं? मी मेले तरी मागणार नाही. सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरेल का?"

"मागायचं नाही. परत मागवायचं. मोटारींच्या कंपन्या गाड्या परत मागवतात ना, तसं."

अरुणाला यातला फरक कळला नाही, पण तोवर त्याने सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहून टाकलं होतं: 'काल आमच्याकडून मिळालेले पत्र्याचे डबे कंपनीला तपासणीसाठी तातडीने हवे आहेत. कृपया तोपर्यंत वापरू नयेत.' शेवटचं वाक्य त्याने विचार करून घातलं होतं. कुणी त्यात हिंग भरला, तर मॅडमसमोर झाकण उघडणार कसं?

त्याचा चहा निवायच्या आत समोरची वैदेही बाळाला कडेवर घेऊन दारात हजर झाली.

"काका, काय आहे त्या डब्यात? मी ह्याचं नाचणीसत्त्व ठेवलं होतं!"

"काही नाही गं."

"काही नाही तर तपासणी कसली? आणि वापरू नका का म्हणालात?"

"ते हिंगासाठी."

"त्यात हिंग आहे?"

तिला समजावून होईपर्यंत ग्रुपवर धुमाकूळ सुरू झाला होता. पत्र्यात शिसं असतं, असं कुणी लिहिलं. शिशाने मुलांचं गणित कच्चं होतं, असं दुसऱ्याने लिहिलं, आणि मग मुलाला गणितात कमी मार्क पडलेल्या तीन घरांतून विचारणा झाली. त्या तीन घरांत डबा गेलाच नव्हता. 'अरुणाच्या वाणातून विषबाधा' ही बातमी बाजूच्या सोसायटीतून फिरून परत आली, तेव्हा अरुणाने फोन बंद करून उशीखाली ठेवला.

एक मात्र झालं. कुणाकडे डबा मागायला जावंच लागलं नाही. एकेक बाई स्वतःहून वर येऊन डबा दारात ठेवून जाऊ लागली. तळमजल्यावरच्या सत्यभामाकाकूंनी तर तो सांडशीत धरून आणला.

"आवं दळवी, ह्यातला गूळ खाल्ला आन् आमच्या ह्यांचं पोट बिघडलं बगा."

"काकू, डबा काल संध्याकाळी तर मिळाला तुम्हाला."

"मग? बिघडायला काय म्हैना लागतोय व्हय?" काकूंनी डबा ठेवला आणि पदराला हात पुसले. "आन् आता गोष्ट निघालीच हाय म्हणून सांगते. वाणाला नावं ठेवू न्हाईत, म्हणून काल गप ऱ्हायले. त्यो डबा सरळ हुबा ऱ्हात न्हाई. नुसता डुगडुगतोय. म्या खाली चुंबळ घातली, तवा बसला."

"हो ना," वैदेही लगेच म्हणाली. "माझाही डुगडुगत होता. मी बाळाची रिंग ठेवली खाली. अरुणाकाकूंना वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तिसरीने चिकटपट्टीचं रीळ ठेवलं होतं. चौथीने जुनी बांगडी. पाचवीने डबा आडवाच करून ठेवला होता.

नंदकिशोरने एक डबा उचलून ओट्यावर ठेवला. डबा डुगडुगला आणि गॅसच्या शेगडीला टेकून थांबला. कारखान्यात सगळ्यात खालचा डबा टूलरूमने केलेल्या लोखंडी कड्यावर ठेवलेला असायचा. त्यामुळे हा डबा कुणाच्या घरी एकटाही जाऊ शकतो, हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याच्या तर नाहीच नाही.

"माझं हळदीकुंकू नासवलंत," अरुणा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आणि कशापायी? धड उभंही न राहणाऱ्या डब्यापायी." नंदकिशोरला डब्याचं वाईट वाटत होतंच, पण याचं जास्त वाटलं.

सोमवारी त्याने मॅडमसमोर कडं ठेवलं आणि त्यावर चळत रचली. निशांतने टेबल हलवून दाखवलं. चळत ढिम्म. मॅडम खूश झाल्या. आता एवढ्यावरच चहा यावा, अशी नंदकिशोर मनोमन प्रार्थना करत होता.

"झकास," मॅडम म्हणाल्या. "आमचं गिऱ्हाईक एका टायमाला एकच डबा नेतं, पण दुकानात रास चांगली दिसंल."

एकच डबा! नंदकिशोरच्या डोळ्यांपुढे काकूंची सांडशी आली.

"मॅडम, एक सांगायचं होतं. एकटा डबा डुगडुगतो."

निशांतने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. मॅडमनी वरचा डबा उचलून टेबलावर ठेवला. डबा मान हलवत राहिला.

"आणि कड्यावर?"

"कड्यावर हलत नाही. पण मी बूड बदलून देतो. आठवडाभरात—"

"बुडाला हात लावू नका!" मॅडमचा आवाज चढला. "पाच डबे घेतले की कडं फुकट. अशी स्कीम लावायची. एकटा डबा ओट्यावर डुगडुगला की बाई आपसूक उरलेले चार घ्यायला येती का न्हाई बघा. निशांतशेठ, डोकेबाज माणूस ठेवलाय तुम्ही."

निशांतने पाय काढून घेतला आणि ऑर्डर पक्की झाली. नंदकिशोर घरी आला तो काहीसा खजील होऊनच. अरुणाने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आता घरोघरी डुगडुगणार," ती म्हणाली. "बरं झालं. मी एकटीच नाही."

डबे धडाक्यात खपले. खरेदी खात्याचं नाव पुन्हा निघालं नाही. उलट मॅडमना आता लाडवांसाठी नवा डबा हवा होता, आणि तोही अगदी तसाच डुगडुगणारा. लाडवांचा डबा रुंद आणि बसका, जुनं बूड त्याला चालेना, म्हणून नंदकिशोर नव्याने कामाला लागला. त्याने बूड फुगवलं, तिरकं केलं, एका बाजूने चेपलं. पण टेबलावर ठेवला की डबा ठाण मांडून बसे. सातवा नमुनाही हलेना, तेव्हा निशांत वैतागला.

"अहो दळवी, डबा साधा डुगडुगवता येत नाही? मागच्या वेळी किती सुंदर जमलं होतं!"

नंदकिशोरने डब्याला बोटाने हळूच ढकलून पाहिलं. डबा जागचा हलला नाही.

"सर," तो म्हणाला, "तेव्हा मी चांगला डबा करायला बसलो होतो."