गटाचा नमुना

गेल्या वर्षी कॉलेज तपासायला येणाऱ्या समितीसमोर आपल्याच वर्गाचं नाव निघणार, याबद्दल रीनाच्या मनात तिळाएवढीही शंका नव्हती. प्राचार्यांना तिने आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, की बीएस्सी दुसऱ्या वर्षाची पोरं पुस्तक पाठ न करता सूक्ष्मजीव शिकून राहिली आहेत, प्रकल्पातून! प्राचार्य म्हणाले, बरं. समिती खूश झाली तर पुढच्या वर्षीही तास तुमचेच. नाही तर पाहू. हे 'पाहू' कसं लागतं, ते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यालाच विचारा.

सिहोऱ्याच्या अलीकडचं हे कॉलेज. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक एकच, आणि त्याच्या भिंगावरच इतकी बुरशी, की वेगळा नमुना लावायची गरज पडत नसे. म्हणून रीनाने पडद्यावरची प्रयोगशाळा आणली. संगणकावर नमुना घ्या, संगणकावरच नळीत टाका, बटण दाबा, की आतड्यात कोणकोणते जिवाणू नांदतात त्याची यादी समोर हजर. हाताला काही लागत नाही, हे तर तिला फारच आवडलं. कारण वर्गात ती 'जिवाणू आपले मित्र आहेत' असं शिकवायची आणि घरी दीड वर्षाच्या चिमीचा चमचा तीनदा उकळायची. मित्र असले म्हणून काय झालं, घरात कशाला घ्यायचे?

समितीच्या आदल्या दिवशी तिने वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली. आधी 'आतड्याचे नमुने' असं लिहिलं. मग एखाद्या पोराचे आईबाप जेवताना वाचतील असं वाटून ते पुसलं आणि आतड्याचा इंग्रजी शब्द, 'गट', मराठी अक्षरांत बसवला. "गट मायक्रोबायोम प्रकल्प. उद्या दहा वाजता समिती येणार. गटाचे नमुने प्रयोगशाळेत मांडावेत. स्वच्छता पाळावी."

वाचून पाहिलं. सभ्य वाटलं.

सकाळी चिमीचं पोट बिघडलं. चौथ्या खेपेनंतर डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तुमसरला तपासायला नमुना पाठवा. दुसरी आई असती तर औषधाच्या दुकानातली डबी आणून मोकळी झाली असती. रीनाचा दुकानातल्या डबीवर विश्वास नव्हता. तिने लोणच्याची चिमुकली काचेची बरणी स्वतः उकळली, भरली, वर सुवाच्य अक्षरात 'नमुना, सकाळी ६.४०' अशी चिठ्ठी डकवली आणि कागदात गुंडाळून कॉलेजात नेली. तिचा नवरा प्रफुल्ल साडेदहाला तिथून उचलून तुमसरला नेणार होता. बरणी तिने प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली आणि प्राचार्यांना नमस्कार करून यावं म्हणून गेली.

परत आली तर प्रयोगशाळेत अकरा बाया.

टेबलांवर नक्षीची फडकी अंथरलेली. त्यावर पापड, कुरड्या, मोहफुलाचे लाडू, लिंबाचं लोणचं, आणि आंबिलाचा भलामोठा गंज. मधोमध कुंताबाई, वर्गातल्या कमलेशची आई आणि गावच्या महिला बचत गटाची अध्यक्ष. बाजूला खुद्द कमलेश, स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत.

"काकू, हे काय?"

"तुमीच तं लिवलं ना मॅडम, समिती येऊन राहिली, गटाचे नमुने मांडा मनून. पोरानं वाचून दाखवलं. सकाळपासून मांडून राहिलो."

"अहो, हा तो गट नाही. हा पोटातला गट आहे."

"मंग पोटातच तं जाते ना. पापड का डोस्क्यात जाते?"

तेवढ्यात समितीची गाडी फाटकातून आत शिरली.

समितीचे अध्यक्ष नागपूरचे, साठीचे, भारदस्त. रीनाने पडदा लावला. पडद्यावरचं चाक मळणीच्या बैलासारखं गोल फिरू लागलं, आणि फिरतच राहिलं. मग लाइनच गेली. प्राचार्यांनी रीनाकडे पाहिलं. त्या पाहण्यात 'पाहू' स्पष्ट ऐकू आलं.

रीनाने डोळे मिटून आंबिलाच्या गंजाकडे बोट केलं. "सर, हा आमचा जिवंत नमुना."

आणि काय सांगावं, ज्याने वर्षभरात वर्गात जांभईपुरतं तोंड उघडलं होतं तो कमलेश बोलू लागला! पीठ कशाने आंबतं, कोणते जिवाणू ते आंबवतात, पोटात गेल्यावर काय कामाला येतात, सगळं. कालच्या आंबिलातलं पळीभर आजच्यात टाकलं नाही तर ते लवकर आंबत नाही, असं कुंताबाईने मध्येच बजावलं. अध्यक्षांनी ते वहीत लिहून घेतलं. मग आंबील चाखलं. मग पापड, मग लाडू. धानाची कापणी करत निघाल्यासारखे ते टेबलाच्या एका टोकापासून पुढे सरकत राहिले. रीनाला आपलं पुढचं वर्ष दिसू लागलं.

शेवटच्या टोकाला, फडक्याच्या बरोबर मधोमध, एक चिमुकली काचेची बरणी होती. शेजारी झेंडूचं फूल.

"मॅडमचा नमुना खिडकीत पडला होता बिचारा," कुंताबाई कौतुकाने म्हणाली. "मी कागद काढून मांडला. मॅडमलेच कायले सोडाव?"

"वा," म्हणत अध्यक्षांनी झाकणाला हात घातला. "कवठाची चटणी दिसते."

रीनाने झडप घातली. बरणी तिने अशी छातीशी धरली, जणू आत चिमीच आहे.

"सर, ही नको. हा गटाचा नमुना आहे."

"बाकीचेही गटाचेच आहेत ना?"

"हा खरोखरच्या गटाचा आहे, सर. पोटातल्या."

अध्यक्षांचा चमचा हवेतच थांबला. नेमका तेव्हा प्रफुल्ल दारात उगवला आणि शेतातून हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "चिमीची शी कुठं ठेवली तू? तुमसरवाला थांबून राहिला."

खोलीत ज्याला अजून कळलं नव्हतं, त्याचीही सोय झाली.

अध्यक्षांनी रीनाच्या पर्समधली सॅनिटायझरची बाटली रिकामी केली आणि तडक गाडीत बसले. त्या रात्री रीना जेवली नाही. पण आठवड्याने शेरा आला. "प्रकल्प उत्तम. विद्यार्थी समजून बोलतात. शिक्षिका नमुने स्वतः घरून आणतात." तास मिळाले. चिमीच्या तपासणीत काही निघालं नाही. पोरगी आता आंबील पिते, आणि रीना चमचा दोनदाच उकळते.

यंदा मात्र तिने धोका पत्करला नाही. लाज सोडून त्याच ग्रुपवर स्वच्छ मराठीत सूचना टाकली. "उद्या दहा वाजता प्रयोगशाळेत आतड्याच्या नमुन्यांवर काम होईल. स्वच्छता पाळावी."

दहाच्या ठोक्याला कुंताबाई दारात. डोक्यावर झाकलेला गंज.

"मॅडम, बकऱ्याची वजडी आनली, आतड्यासकट. चार पान्यानं धुतली. मांडू कुठं?"