तात्यांचं इमान

आमचे हणमंततात्या कुठल्याही वाहनात बसण्याआधी त्याला एक पुरी फेरी मारतात. मोटारसायकल असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर बारामती डेपोत लागलेली इंदापूर गाडी असो. चाकांना हात लावायचा, खाली वाकून काही गळतंय का बघायचं, मागच्या पत्र्यावर एक थाप मारायची आणि मगच पायरीवर पाय ठेवायचा. एकदा मी बरोबर होतो. गाडी सुटायची वेळ झालेली, माणसं खिडकीतून माना काढून बघतायत आणि तात्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसलेले.

"आजोबा, चढताय का पूजा करताय?" कंडक्टर ओरडला.

"हवा कमी वाटती," तात्या म्हणाले.

बिचारा कंडक्टर खाली उतरला, चाकावर लाथ मारून बघितली. चाक ठणठणीत.

"मग बरं हाय," असं म्हणून तात्या गाडीत चढले आणि मला म्हणाले, "खाली हाय तवर बघून घ्यावं, डॉक्टर. वर गेल्यावर बघाय मिळत न्हाय."

एसटी वर कशाला जाईल, असं तुम्हाला वाटेल. पण तात्यांची ही सवय एसटीची नव्हे, विमानाची. तात्यांकडे विमान आहे. थट्टा करत नाही. चार माणसांचं, एका इंजिनाचं, पांढऱ्यावर निळे पट्टे असलेलं, तात्यांच्या थोरल्या पोरीपेक्षा वयानं मोठं असं खरंखुरं विमान. तात्या त्याला 'इमान' म्हणतात आणि ते बारामतीच्या धावपट्टीशेजारी एका शेडमध्ये उभं असतं.

मी गुरांचा डॉक्टर. काटेवाडीत तात्यांचं रान आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक बांध. त्यामुळे हे सगळं कसं झालं ते मी पहिल्यापासून बघितलेलं आहे.

झालं असं, की विमान शिकणाऱ्या पोरांची विमानं दिवसभर तात्यांच्या डाळिंबाच्या बागेवरून घिरट्या घालायची. आवाजानं म्हशी पान्हा चोरतात, अशी तात्यांची तक्रार. एक दिवस डोक्याला पटका बांधून, चिडून, ते ट्रेनिंग स्कूलवर भांडायला गेले. दुपारी परत आले ते हसत हसत.

"काय झालं?" मी विचारलं.

"ॲडमिशन घेतलं," तात्या म्हणाले.

तिथल्या साहेबानं भांडण ऐकून घ्यायच्या आधी त्यांना चहा पाजला आणि एका विमानात नुसतं बसवून दाखवलं. एवढंच झालं. दोन्ही पोरी लग्न होऊन पुण्याला गेलेल्या, डाळिंबानं लागोपाठ हात दिलेला. साठीकडे झुकलेला माणूस इंग्रजी पुस्तकं घेऊन ओट्यावर बसायला लागला. परीक्षेत दोनदा आपटले. तिसऱ्यांदा पास झाले आणि सबंध आळीला पेढे वाटले. स्वतः मात्र खाल्ला नाही, कारण तात्यांना साखरेचा आजार आणि लायसनसाठी दर वेळी डॉक्टरी तपासणी.

त्या दिवसांत तात्यांच्या बोलण्यात विमानाची भाषा शिरली, ती कायमची. दूध डेअरीत फोन लावला, की बोलणं संपल्यावर 'ओव्हर' म्हणणार. शांताकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून ओरडल्या, "अवो, येताना कोथिंबीर आना," की तात्या मोठ्यांदा म्हणायचे, "रॉजर!"

"म्हंजी काय?"

"म्हंजी ऐकू आलं."

"मग आलं म्हना की! रोज त्या बाप्याचं नाव काय घेताय?"

पुढे त्याच स्कूलनं एक जुनं विमान विकायला काढलं. तात्या सकाळी सकाळी माझ्या दारात. "डॉक्टर, चला. जनावर बघाय जायचंय."

आजवर तात्यांनी एकही गाय माझ्याशिवाय घेतलेली नाही. माझा हात गुणाचा आहे, असं त्यांचं मत. मी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन निघालो. गाडी बाजाराकडे न वळता विमानतळाकडे वळली, तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"तात्या, मला विमानातलं काय कळतं?"

"ईस वरसं गाया बघताय न्हवं? मग बघा की. नजर तीच."

शेडच्या कोपऱ्यात ते विमान उभं होतं. रंग उडालेला, सीटची कातडी फाटलेली आणि इंजिनाच्या झाकणात चिमणीनं घरटं केलेलं. तात्या हात मागे बांधून चौफेर फिरले. शेपूट हलवून बघितली. चाकं दाबली. मग तिथल्या इंजिनियरसाहेबांना म्हणाले, "जरा चालवून दावा. लंगडत तर न्हाय ना?" साहेबांनी इंजिन सुरू केलं. आधी खोकलं, मग धूर सोडला, मग एका सुरात चालायला लागलं. तात्यांनी मला कोपरानं ढोसलं.

"नळी लावा."

"कसली?"

"गळ्यातली हो!"

काय करणार? इंजिन बंद केल्यावर मी स्टेथोस्कोप काढला आणि झाकणाच्या गरम पत्र्याला टेकवला. आत फक्त टिक टिक असा पत्रा निवल्याचा आवाज. इंजिनियरसाहेब तोंडावर रुमाल धरून उभे. तात्या माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतायत.

"छाती साफ आहे," मी म्हणालो.

व्यवहार ठरला. इंजिनियरसाहेबांनी नंतर महिनाभर खपून ते विमान खरोखर तपासलं आणि लायक असल्याचा दाखला दिला, म्हणून मी आज शांत झोपतो.

विमानाच्या नाकाला हळदकुंकू लागलं. समोर लिंबू-मिरची बांधली, ती साहेबांनी लगेच सोडायला लावली. आणि मग सुरू झाला तात्यांचा खरा संसार. जुनं विमान पाळणं म्हणजे काय, हे पाळल्याशिवाय कळत नाही. त्याचं पेट्रोल पंपावर मिळत नाही, पिंपातून मागवावं लागतं. दर वर्षी सगळं अंग उघडून तपासायचं. एकदा बोटाच्या पेराएवढा पितळेचा तुकडा झिजला, तर तो परदेशातून येईपर्यंत अख्खा पावसाळा विमान शेडमध्ये बसून. तात्या तरी रोज संध्याकाळी जायचे, फडक्यानं पुसायचे, चाकं थोडी पुढंमागं ढकलून यायचे.

"भाकड हाय सध्या," मला सांगायचे, "पर सोभाव गरीब हाय."

काकूंना या सगळ्याचं भलतंच हसू यायचं. तात्या उडून आले, की त्या दारातच विचारायच्या, "कुठं जाऊन आलात?"

"हितंच. वर."

"आनि उतरला कुठं?"

"हितंच."

"म्हंजी हितनं हितंच! त्यापरीस अंगनात दोन गिरक्या घ्यायच्या हुत्या."

बोलणं खोटंही नव्हतं. इंदापूरच्या तहसीलमध्ये काम निघालं, तर विमानाच्या मालकाला एसटीनंच जावं लागायचं, कारण इंदापुरात उतरायला जागा नाही. काकू स्वतः तर विमानाच्या सावलीतसुद्धा जायच्या नाहीत. तात्यांनी मला नेलं, आळीतल्या निम्म्या माणसांना नेलं, पुण्याच्या जावयांना नेलं. काकूंचं एकच उत्तर, "मला न्हाय बसायचं त्या पत्र्यात."

मागचा उन्हाळा कडक गेला. उजनी धरणाचं पाणी कित्येक वर्षांत गेलं नव्हतं एवढं खाली गेलं. एका सकाळी मी तात्यांच्या गोठ्यात एका कालवडीला सुई द्यायला गेलो होतो. काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. तात्या नुकतेच उडून आलेले. नेहमीसारखे बडबडत आले नाहीत. काकूंच्या समोर येऊन उभे राहिले.

"पानी लई खाली गेलंय," ते म्हणाले. "तुज्या गावाचं देऊळ उघडं पडलंय. वेस दिसतीया. आळ्या बी दिसत्यात."

काकूंचा सुपातला हात थांबला.

त्यांचं माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. त्या शाळेत जाणारी पोर असताना धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. माणसं वर माळावर नव्या गावठाणात गेली. पुढे आईवडील वारले, भाऊ पोटापाण्यासाठी लांब गेला, तिथलं घरही राहिलं नाही. एका उन्हाळ्यात त्या होडीतून जुनं गाव बघायला गेल्या होत्या. जवळून नुसता चिखल आणि दगड. कुठलं काय, काहीच ओळखू आलं नाही. तशाच परत आल्या. हे मला माहीत होतं, पण आळीत त्यावर कुणी कधी बोलत नसे.

"कुनी सांगितलं आळ्या दिसत्यात म्हनून?" काकूंनी विचारलं.

"मी बघून आलो की."

"वरनं?"

"व्हय, वरनं." तात्या खाली बसले. "औंदा तपासनीत पास झालोय. फुडल्या टायमाला लायसनचा डॉक्टर सोडंल असं वाटत न्हाय. आनि पानी बी रोज असं जात न्हाय. चल."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. आत गेल्या आणि ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या.

मलाही ओढून नेलं. मागच्या सीटवर मी, पुढं तात्यांच्या शेजारी काकू. पदरावरून कानाला हेडफोन लावलेला, एका हातानं दाराची कडी धरलेली, डोळे गच्च मिटलेले. चाकं जमिनीवरून सुटली, तेव्हा त्यांनी ग्रामदेवतेपासून सुरुवात करून बऱ्याच देवांची नावं घेतली. खाली उसाचे पट्टे, मग माळ, मग हायवेवरचे ट्रक. तात्या अधूनमधून त्यांच्याकडे बघत होते. पाणी दिसायला लागलं, तसं त्यांनी विमान अलगद एका बाजूला कलवलं.

"शांता, डोळं उघड. खाली बघ."

पात्राच्या मधोमध भीमेची बारीक धार राहिलेली. तिच्या काठाला वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळात गावाची सगळी आखणी उमटलेली होती. घरांचे नुसते पाये, पण चौकोन चौकोन सरळ दिसत होते. मधून आळ्या गेलेल्या. एका टोकाला देऊळ.

काकूंनी हळूच डोळे उघडले. मग एकदम काचेला कपाळ लावून म्हणाल्या, "ती वेस! तितनं आत… ही सुताराची आळी. ही हीर. अवो, हिरीच्या म्होरलं! ते दोन खनांचं! ते आमचं घर!"

"कुठलं?"

"आवो ते! जरा हळू चालवा की!"

"हळू केलं तर पडंल गं!"

"मग परत फिरवा!"

तात्यांनी फिरवलं. पुन्हा फिरवलं. दर फेरीला काकूंना नवं काही सापडायचं. शाळा. चावडी. आजी शेण्या थापायची ती जागा. दाराची कडी त्यांनी कधीच सोडली होती. दोन्ही हातांनी दाखवत होत्या, चुलत्यांची नावं घेऊन सांगत होत्या, आणि सांगताना आवाज लहान पोरीसारखा झाला होता. मी पेट्रोलच्या काट्याकडे बघत होतो. तात्यांनी ते हेरलं. "हाय, पुरंसं हाय," म्हणाले आणि अजून एक फेरी मारली.

उतरल्यावर काकू जरा वेळ सीटवर तशाच बसून राहिल्या. आम्ही दोघं बाहेर विमानाला दोर बांधत होतो. तात्या गाठ मारता मारता, माझ्याकडे न बघता बोलले.

"पंचमीला आळीतल्या समद्या बाया म्हायेराला जायच्या. ही त्यास्नी यष्टीपतूर सोडाय जायची. पिशव्या उचलू लागायची. माघारी येऊन काय बोलायची न्हाय, सैपाकाला लागायची." गाठ नीट बसली होती, तरी त्यांनी ती सोडून पुन्हा मारली. "मी म्हनलो, हिला कुठं न्यावं? न्यायला जागाच न्हाय."

एवढंच. मग इंजिनावरची धूळ पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांताकाकू आमच्या दारात. डोक्यावर पाटी, पाटीत फडक्याखाली गरम धपाटे आणि करंज्या. माझी बायको बाहेर आली.

"काय वो काकू, आज काय हाय?"

"काय न्हाय बाई," काकू म्हणाल्या, "काल म्हायेराला जाऊन आले. शिदोरी वाटतीया."

माहेरची शिदोरी हातात घेताना जे विचारायची रीत आहे, ते माझ्या बायकोनं सवयीनं विचारून टाकलं, "सगळी बरी आहेत ना तिकडं?" आणि लगेच जीभ चावली.

काकूंनी तिच्या हातावर दोन धपाटे आणि करंजी ठेवली. पदर सारखा केला.

"हायेत की," त्या म्हणाल्या. "समदी बरी हायेत."

फाटकापाशी तात्या दुसरी पाटी डोक्यावर घेऊन उभे होते. "चल गं," ते म्हणाले, "खालची आळी आजून सगळी ऱ्हायलीया."