सगळ्या पानांवर आईंचा नंबर

दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटवर फोन नंबर बेचाळीस पानांत बेचाळीस वेळा लिहिलेला होता. ती साइट सांभाळणाऱ्या सुनेने तो सगळीकडून काढला आणि साइट ज्या जावा अ‍ॅप्लिकेशनवर चालायची, त्याच्या एकाच कॉन्फिगरेशन फाईलमध्ये, म्हणजे सेटिंग्जच्या फाईलमध्ये, ठेवला. आता प्रत्येक पान तिथूनच नंबर उचलणार होतं. चाचणीपुरता तिने सासूबाईंचा नंबर टाकला. तो सगळीकडे झकास दिसला, आणि बदलायचा राहून तसाच सोमवारी सकाळी साइटवर गेला.

साडेनऊला सासूबाईंचा फोन आला.

"अगं, कुणाकुणाच्या दाढा ठणकतायत. कधी येऊ, असं मला विचारतायत."

सुनेने साइट उघडून पाहिली. "आई, राँग नंबर म्हणा आणि ठेवून द्या."

"चौघांना म्हटलं. पाचवी रडायलाच लागली. तिला सांगितलं, साडेदहाला दवाखान्यात जा."

सुनेने घाईघाईने फाईलमध्ये खरा नंबर टाकला. पान पुन्हा उघडलं, तर सासूबाई जागच्या जागी. मग तिच्या लक्षात आलं, ही फाईल अ‍ॅप्लिकेशन सुरू होताना एकदाच वाचली जाते. म्हणजे ते बंद करून पुन्हा सुरू करायला हवं. त्याला मॅनेजरची परवानगी हवी, आणि मॅनेजर मीटिंगमध्ये. ते बाहेर आले एक वाजता.

"दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले. "आत येऊन सांगायचं ना."

खरा नंबर झळकला. तिने सुस्कारा सोडला, तेवढ्यात दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन.

"सर, चूक माझीच आहे," तिने आधीच सांगून टाकलं.

"चूक राहू द्या. सकाळपासून दहा पेशंट आले, बरोबर पंधरा-पंधरा मिनिटांनी. बाहेर एक भांडण नाही. एक गृहस्थ तर सहा वर्षं मला चुकवत होते. फोनवरच्या बाईंनी दम दिला म्हणे. हे कोण करतंय बघायला साइटवरच्या नंबरवर मीच फोन केला, तर मलाही पावणेपाचची वेळ दिली."

सुनेचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळी घरी आल्या आल्या ती म्हणाली, "आई, फार त्रास झाला ना तुम्हाला?"

"त्रास कसला? उद्यापासून फोन मीच घेणार आहे. डॉक्टरांशी ठरलंय."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. "मग माझा अकराचा चहा?"

"अकराची वेळ भरलीय," सासूबाई म्हणाल्या. "सव्वाचारला चालेल का बघा."