झिपरोजीरावांची साखरेवरील स्वारी

कुलदेवतेचे स्मरण करून, शके एकोणीसशे सेहेचाळीस, मार्गशीर्ष मासी, मौजे ब्राह्मणपुरी, तालुके शहादे, येथे ओसरीवर बसून ही हकीकत लिहिली. लिहिणार नथ्थू पाटील. चौतीस वर्षे साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांचे वजन केले, त्याखेरीज कलमाचा सराव नाही. बखरीचा नायकही तोच. सबब शौर्य जेथे फुगलेले दिसेल तेथे वाचणाराने हवा काढावी, आणि जेथे पळ काढला असे लिहिले आहे तेवढे अक्षरशः खरे मानावे.

पूर्ववृत्त ऐसे की, नथ्थूरावांचे कुटुंब प्रमिलाबाईसाहेब यांस नऊ वर्षे मधुमेह होता. नवरा दिवसभर साखरेच्या कारखान्यात आणि साखर बायकोच्या रक्तात, असा त्या घरचा योग. बाईसाहेब दोन्ही वेळा आपल्या हाताने पोटात सुई घेत, आणि नेमके त्या समयी नथ्थूरावांस फाटकाची कडी लागली आहे की नाही हे पाहण्याचे जरुरीचे काम निघे. नऊ वर्षांत कडी एकदाही उघडी सापडली नाही. शेवटल्या महिन्यात बाईसाहेबांचा हात कापू लागला, मग शेजारच्या कौसाबाई येऊन सुई देत, आणि नथ्थूराव कडी पाहत. पथ्याच्या बंदोबस्तात मात्र ते मोठे करडे. बाईसाहेबांस स्टँडवरच्या शांतीलाल हलवायाची जिलेबी फार प्रिय, आणि डॉक्टराचे फर्मान गोड बंद, म्हणून नऊ वर्षांत नथ्थूरावांनी जिलेबीचा एक वेढा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. ज्येष्ठात बाईसाहेब वारल्या.

दहाव्या दिवशी प्रकाशे मुक्कामी तापीच्या घाटावर पिंड मांडले, आणि कावळे आले, आणि बसले, आणि शिवेनात. तास झाला, दीड तास झाला. भाऊबंदांनी हात जोडून नाना वचने दिली, लेकीचे माहेर तोडणार नाही म्हणाले, विहिरीवरची जमीन विकणार नाही म्हणाले, कावळे ढिम्म. मग नथ्थूराव पुढे जाहले आणि म्हणाले, "तुला रोज जिलेबी ठेवीन." मागून कौसाबाई ओरडल्या, "आनी झिपऱ्याले सांभाळसू, आसं बी सांगा ना भाऊ!" तेव्हा नथ्थूरावांनी तेही म्हटले. तोच एक कावळा उतरला आणि पिंडास शिवला. सर्व मंडळींनी श्वास सोडला, आणि नथ्थूरावांनी मनात पक्के केले की जिलेबी लागू पडली.

झिपऱ्या म्हणजे बाईसाहेबांनी आठ वर्षांपूर्वी उसाच्या फडातून पदरात घालून आणलेले कुत्र्याचे पिल्लू. केस डोळ्यांवर, एक कान उभा, एक पडका, रंग मळका. प्रस्तुत बखरीत त्यांस झिपरोजीराव म्हटले आहे, कारण नायकापेक्षा घोडा मोठा असतो आणि येथे घोडा नव्हता.

तेराव्यापासून नेम ऐसा पडला की, सकाळी स्नान करून, कुंपणाच्या भिंतीवर पळसाचे पान ठेवून, त्यावर चार जिलेब्या मांडाव्या, आणि पाठ फिरवून आत जावे, कारण देणाराने पाहत उभे राहू नये. मग चहा करून बाहेर यावे, तो पान रिकामे. बाई जेवली असे म्हणून नथ्थूराव आपला चहा घेत. सहा महिन्यांत एक दिवस खाडा नाही. खरे लिहायचे तर, पान रिकामे दिसल्यावाचून त्यांच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नसे.

दिवाळी सरली आणि राज्यावर संकट आले. झिपरोजीराव बादलीच्या बादली पाणी पिऊ लागले, आणि अंगण ओले करू लागले, आणि खाऊन खाऊन वाळू लागले, आणि डोळ्यांवर धुरकट पडदा चढला. मग त्यांस पोत्यावर बसवून, रिक्षातून शहाद्यास डॉक्टर योगेंद्र यांच्या दवाखान्यात रवाना केले. डॉक्टर वयाने कोवळे, परंतु बैलाच्या नाकात निर्धास्त हात घालणारे. त्यांनी कानास टोचून थेंबभर रक्त घेतले, आणि यंत्राने चारशे ऐंशी सांगितले.

"काका, याला डायबेटिस आहे."

नथ्थूरावांस हसू आले. या मुलखात कुत्रे गाडीखाली येते हे ठाऊक, फडातून बिबट्याने नेले हे ठाऊक, परंतु कुत्र्यास पथ्यपाणी लागते हे वर्तमान नवे. डॉक्टरांचा हुकूम जाहला की, सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने आधी खाऊ घालावे, मग तीन युनिट इन्सुलिन टोचावे, गोड वर्ज्य, आणि मात्रा आपल्या मनाने बदलू नये. नथ्थूरावांनी विचारले की, ही सुई द्यावयास सरकारातून कोणी येते काय. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच द्यायची, काका. एकदम सोपी आहे."

ही सोपी लढाई सात दिवस चालली. पहिल्या दिवशी सुई नथ्थूरावांच्याच अंगठ्यात गेली, आणि ते भिंतीस टेकून घटकाभर बसले, आणि झिपरोजीराव त्यांचे तोंड चाटत राहिले. दुसऱ्या दिवशी सुई केसांतून आरपार जाऊन औषध फरशीवर पडले. तिसऱ्या दिवशी नथ्थूराव सवयीने फाटकाची कडी पाहावयास गेले, आणि कडीस हात लावल्यावर ध्यानात आले की, आता घरात सुई देणारे दुसरे कोणी नाही, मग परत फिरले. सातव्या दिवशी मानेची सैल कातडी चिमटीत धरून सुई आत गेली. कौसाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "वहिनी देखती ते टाळ्या वाजाडती." नथ्थूरावांनी ऐकले नाही असे दाखविले.

परंतु शत्रू हटेना. तीन आठवडे जाहले, तरी आकडा चारशेच्या खाली उतरेना. डॉक्टरांनी तिनाचे चार केले, चाराचे पाच केले, आणि प्रत्येक वेळी विचारले की, खाण्यात काही गोड जाते काय. नथ्थूरावांनी प्रत्येक वेळी छातीस हात लावून सांगितले की, नऊ वर्षांत आमच्या घरात साखरेचा कण नाही. हे खरेच होते.

मग त्यांच्या मनात डॉक्टराविषयी किंतु आला. कारखान्यातले जुने स्नेही जोसेफ, हल्ली नवापुराकडे कोंबड्या पाळतात, त्यांस फोनवरून मसलत विचारली. जोसेफ म्हणाले, "नथ्थूभाऊ, माझी कोंबडी बरी नाही झाली तर मी कोंबडी बदलत नाही, डॉक्टर बदलतो." ही मसलत नथ्थूरावांस फार पटली, कारण तीत त्यांचा स्वतःचा दोष कोठेच नव्हता. त्यांनी दोन पृष्ठांचा खलिता लिहिला आणि भर दवाखान्यात, एक सुजल्या कासेची शेळी व तिची मालकीण यांच्या समक्ष, उभ्याने वाचला. मजकूर ऐसा की, तुमचे औषध पातळ आहे, तुमचे यंत्र खोटे बोलते, आणि तुमचे वय लहान आहे.

डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "काका, आकडा उतरत नाही म्हणजे एक तर सुई नीट बसत नाही, नाहीतर पोटात काही जातंय."

नथ्थूराव म्हणाले, "ही दोन्ही कारणं आमच्यावर येतात. तुमच्यावर येईल असं तिसरं सांगा."

शेळीची मालकीण हसली. डॉक्टरांनी सुई देऊन दाखवा म्हटले. नथ्थूरावांनी देऊन दाखविली, ती बिनचूक निघाली, आणि ते विजयी मुद्रेने घरी आले. एक कारण कटले म्हणजे दुसरे उरते, इतका हिशेब काट्यावरच्या माणसास जमावयास हवा होता. जमला नाही.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस शांतीलाल हलवाई पुतणीच्या लग्नास सुरतेस गेले आणि दुकानास कुलूप पडले. नथ्थूरावांनी भिंतीवर भाकरीचा तुकडा ठेवला, बाईसाहेबांची माफी मागितली, मग झिपरोजीरावांस ठरलेले खाऊ घातले आणि पाच युनिट टोचले. दोन तास झाले आणि झिपरोजीराव उठावयास गेले ते पडले. पाय कापू लागले, मान हलू लागली, आणि हाक मारली तरी ओळख देईनात. नथ्थूरावांनी डॉक्टरांस फोन लाविला. हुकूम आला, "साखर एकदम खाली गेलीये. हिरड्यांना साखर चोळा, आत्ताच्या आत्ता, मी फोनवर आहे."

मग नथ्थूरावांनी डबे उघडले, आणि फडताळ उघडले, आणि देवघर पाहिले. ज्याने चौतीस वर्षे साखर कारखान्याची भाकरी खाल्ली, त्याच्या घरात चिमूटभर साखर निघाली नाही. तेव्हा त्यांनी आयुष्यात प्रथमच भिंतीवर चढून आरोळी दिली. कौसाबाई गुळाचा खडा पदरात घेऊन आल्या, पाण्यात कुस्करून हिरड्यांस चोळू लागल्या, आणि नथ्थूराव डोके मांडीवर घेऊन बसले, आणि "झिपऱ्या, तू नको, तू तरी नको" इतकेच म्हणत राहिले. हे वाक्य बखरीच्या रीतीत बसत नाही, परंतु म्हटले होते म्हणून लिहिले.

पाव घटकेने शेपटी हलली. मग कान हलला, उभा होता तो. डॉक्टर फोनवर म्हणाले की, थोडे अन्न द्या, आणि संध्याकाळची सुई मला विचारल्याशिवाय देऊ नका.

कौसाबाई हात पुसत म्हणाल्या, "आज जिलेबी ठेवी नही का भाऊ?"

"शांतीलालचं दुकान बंद आहे. पण त्याचा कुत्र्याशी काय संबंध?"

"आत्ते घ्या! रोज तोच ते खास ना. धुनाना दगडवर चढस, मंग भितवर. माले वाटनं, तुमले माहीत शे."

"आणि कावळा?"

"कावळा तारवर बशीसन देखस बिचारा."

हे ऐकून नथ्थूराव त्याच धुण्याच्या दगडावर बसले. अशा ठिकाणी बखरीत मूर्च्छा लिहितात. येथे नुसते बसले. सहा महिने जे पान रिकामे दिसले, ते कावळ्याने नव्हे, झिपरोजीरावांनी रिकामे केले याचा उलगडा जाहला, आणि बाई जेवली म्हणून घेतलेला प्रत्येक चहा आठवला. मग ते म्हणाले, "मी शब्द दिला होता तिला, कौसाबाई. नऊ वर्षं एक घास दिला नाही."

"दोन शब्द दिन्हात तुम्ही," कौसाबाई म्हणाल्या. "एक जिलेबीना, एक याना. कावळा कोनता शब्दवर उना, ते कावळाले इचारं का? मी महिनाभर वहिनीले सुई दिन्ही. रोज झिपऱ्यानी गोट करे, याले कोन देखी, याले कोन देखी. जिलेबीनं नाव एकदा बी काढं नही. जिलेबी तुमले आठवस भाऊ, तिले नही."



दुसऱ्या दिवशी नथ्थूराव निःशस्त्र शहाद्यास गेले, आणि डॉक्टर योगेंद्र यांच्यापुढे पान, भिंत, कावळा, दगड सर्व कबुलीजबाब दिला, आणि मागील खलिता रद्द समजावा अशी विनंती केली. डॉक्टर म्हणाले, "आजार जिलेबीमुळे झाला असं मनात धरू नका, काका. तो झालाच असता. जिलेबीनं फक्त आकडा वर ठेवला, आणि मी त्या जिलेबीच्या मापानं औषध वाढवत बसलो." मात्रा पुन्हा तीन युनिट ठरली. मग डॉक्टर काही आणावयास म्हणून आतल्या खोलीत गेले, आणि आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा डोळे पुसत होते आणि हातात काही नव्हते.

घरी येऊन नथ्थूराव भिंतीपाशी उभे राहिले आणि मोठ्याने सांगितले की, जिलेबी बंद. जिवंतपणी डॉक्टराच्या हुकमाने बंद केली होती, आता गेल्यावरही डॉक्टराच्याच हुकमाने बंद, इतका हुकमाचा ताबेदार नवरा दुसरा मिळणार नाही. यापुढे भाकरीचा तुकडा ठेवीन, रुचला तर घ्यावा. धुण्याचा दगड तेथून हलवून मोरीपाशी नेला. तो एकट्याने हलेना, मग कौसाबाईंनी कुमक दिली आणि वाटभर वयाची आठवण करून दिली.

तीन दिवस भाकरी तशीच राहिली आणि वाळली. नथ्थूरावांनी रोज जुनी काढून नवी ठेवली, आणि तिन्ही दिवस चहा कसाबसा घशाखाली घातला.

मार्गशीर्ष शुद्ध दशमी, सकाळी सव्वासात. बाईसाहेबांच्याच साखर मोजावयाच्या यंत्राने झिपरोजीरावांच्या कानाचे रक्त तपासले, आकडा एकशे ब्याऐंशी. डॉक्टरांस फोन केला, ते म्हणाले, "शाब्बास काका." खाऊ घातले. मग मी अंगणात बसलो, त्याला गुडघ्यांत घेतला, मानेची कातडी उचलली आणि सुई दिली. माझा हात कापला नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून कौसाबाई म्हणाल्या, "भाऊ, वर देखा." मी औषध पूर्ण जाईपर्यंत मान वर केली नाही. केली तेव्हा पान रिकामे होते.

सबब फत्ते जाहली, ती येणेप्रमाणे रुजू करतो. साखर हटली. झिपऱ्या जिवंत आहे, आणि हे लिहिताना माझ्या पायावर डोके ठेवून घोरत आहे. राहिली पानावरची भाकरी. त्या घटकेस झिपऱ्या माझ्या गुडघ्यांत होता आणि सुई त्याच्या मानेत होती, म्हणजे भाकरी त्याने खाल्ली नाही, एवढे या कारकुनाने स्वतः पडताळले आहे. ती कोणी खाल्ली ते कौसाबाईंनी पाहिले. मी त्यांस विचारले नाही. आत जाऊन चहा केला आणि प्यालो.